महिनाभर जुना वारा

आमच्या लग्नाला तिसरं वर्ष लागलं तेव्हा माझ्या नवऱ्याला वारा मोजायला पाठवलं. आम्ही दोघंही बंगळूरच्या एका संशोधन संस्थेत होतो. तो उपकरणांच्या विभागात, मी गणिताच्या. सातारा जिल्ह्यात, पाटणच्या बाजूला एका सड्यावर पवनचक्क्या चालतील का हे बघायचं काम संस्थेकडे आलं होतं. सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचं सपाट कातळाचं पठार. वर झाड नाही, घर नाही. पावसाळ्यात गवत आणि एरवी नुसता तापलेला दगड. तिथं एक लोखंडी खांब उभा करायचा, त्यावर दोन उंचींवर वारा मोजणाऱ्या फिरत्या वाट्या बसवायच्या आणि वर्ष-दीड वर्ष ते सगळं सांभाळायचं, असं त्याचं काम होतं.

गंमत अशी की तो सडा माझ्या सासऱ्यांच्या गावाच्या अगदी डोक्यावर होता. आणि सासरे त्या वेळी आमच्याकडे, बंगळूरच्या राजाजीनगरात होते.

सासूबाई आदल्या वर्षी गेल्या. त्यानंतर आबांना छातीत दुखण्याचा एक झटका येऊन गेला, म्हणून आम्हीच हट्टानं त्यांना इकडे आणलं. माझा नवरा त्यांना आबा म्हणायचा, म्हणून मीही आबाच म्हणत असे. जन्मभर त्यांनी एस.टी.त कंट्रोलर म्हणून काढला होता. स्टँडवरच्या खिडकीत बसून कुठली गाडी आली, कुठली सुटली हे नोंदवायचं आणि भोंग्यावरून पुकारायचं. ती सवय अंगात इतकी मुरलेली होती की घरातही कुणी बाहेर निघालं की ते आधी घड्याळाकडे बघत. नवरा मे महिन्यात बॅगा घेऊन निघाला तेव्हाही त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "सांभाळून राहा. पश्चिमेचा वारा सुटला की कड्याच्या बाजूला जाऊ नको."

मग घरात आम्ही दोघंच उरलो.

आमचं घर वरच्या मजल्यावर होतं. खाली घरमालक आणि त्यांच्या पत्नी राहत. त्या माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठ्या, त्यांना सगळी गल्लीच अक्का म्हणायची. अक्कांना मराठी येत नव्हतं, मला कानडी जेमतेम. पण आमचं कधी अडलं नाही.

माझं काम काय होतं ते थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. जमिनीलगत वारा अडखळतो. गवत, दगड, झुडपं त्याला धरून ठेवतात. जसजसं वर जावं तसतसा तो मोकळा होतो. याचा एक जुना ठोकताळा आहे: उंची दुप्पट केली तर वेग साधारण दहा टक्क्यांनी वाढतो. पण हा ठोकताळा सपाट माळरानावरचा. प्रत्येक जागेचा आकडा वेगळा असतो आणि तो मोजूनच काढावा लागतो. आमच्या खांबावर खालच्या वाट्या दहा मीटरवर होत्या, वरच्या वीसवर. पवनचक्कीचं पातं मात्र त्याच्याही वर फिरणार. म्हणजे जिथवर आमचा खांब पोचत नव्हता तिथला वारा मला खालच्या दोन आकड्यांवरून सांगायचा होता.

खांबाच्या पायथ्याशी एक बंद पेटी होती. तिच्यात तासातासाचा वेग आणि दिशा साठत जाई. महिना संपला की नवरा पेटीतली काड्यापेटीएवढी चिप काढून कुरिअरनं पाठवी आणि दुसरी बसवी. इथं ती यंत्रात घातली की छपाईयंत्र करकर करत आकड्यांचे ताव बाहेर टाकी. त्या तावांवर मी महिनाभर काम करायची.

पहिली चिप आली त्या दिवशी संध्याकाळी मी मॅजेस्टिकच्या मोठ्या स्टँडवर बस बदलून राजाजीनगरला उतरले, तर आबा स्टॉपवर उभे. रोजच असत. बसच्या पाट्यांवरून त्यांनी कानडी अक्षरं लावायला घेतली होती, आणि स्टॉपवरची माणसं आता त्यांनाच विचारत, अमुक बस गेली का. ते हातानं खुणा करून सांगत. त्या दिवशी पिशवी माझ्या हातातून घेत त्यांनी विचारलं, "काय, आलं का तिकडचं?"

"आलं."

"वारा किती होता?"

"आबा, हा मागच्या महिन्यातला वारा आहे."

"असू दे की. पत्र तरी कुठं लिहिलेल्या दिवशी मिळतं?"

तेव्हापासून तो आमचा रोजचा पाठच झाला. महिन्यापूर्वीच्या त्याच तारखेचे आकडे मी कागदाच्या चिटोऱ्यावर उतरवून घेई आणि घरी चालता चालता त्यांना सांगे. ते ऐकत, मान हलवत. कधी म्हणत, "त्या दिवशी बैलांचा बेंदूर होता. बेंदराला असाच सुटतो." कधी म्हणत, "एवढ्या वाऱ्यात पोरगं वर गेलं नसंल." घरी आल्यावर मी कुकर लावायची, ते ताटं घ्यायचे. तिसरं ताट चुकून घेतलं गेलं तर ते परत फळीवर ठेवत. सुरुवातीला हे बऱ्याचदा व्हायचं.

मला नवऱ्याची आठवण भलत्याच वेळी यायची. ऑफिसात नाही, रात्रीही नाही. रविवारी सकाळी कपडे वाळत घालताना, चादरीचं दुसरं टोक धरायला कुणी नसलं की यायची. चादर पिळायला दोन माणसं लागतात. आबा आतून बघत असत, पण सुनेबरोबर चादर पिळणं त्यांना बरं वाटत नसावं. मी एकटीच ती कठड्याला गुंडाळून पिळायची.

फोन रविवारीच यायचा. आमच्याकडे फोन नव्हता, अक्कांच्या हॉलमध्ये होता. नवरा पाटणला उतरून तिथून लावायचा. आधी आबा बोलत. औषध, जेवण, गावातलं कोण भेटलं, एवढंच. मग मी. आम्ही दोघं एकमेकांना अरे-तुरे करायचो, पण आबांसमोर मी त्याला अहो-जाहो करायची. त्यामुळे फोनवर मी निम्मं बोलणं घोटाळतच करत असे. आबांच्या ते लक्षात आलं होतं. ते फोन माझ्या हातात देऊन अंगणात जात, तिथं अक्कांच्या पारिजातकाकडे बघत उभे राहत.

पण त्या रविवारी पाऊस होता म्हणून ते हॉलमध्येच बसले होते.

झालं असं होतं, की पावसाळ्यातल्या, जून आणि जुलैच्या आकड्यांत एक विचित्र गोष्ट दिसत होती. खालच्या वाट्यांचा वेग वरच्यांपेक्षा जास्त. नियमाच्या उलट. मी परत परत तपासलं. आमचे सर मितभाषी गृहस्थ होते. ते म्हणाले, वायरी उलट्या जोडल्या गेल्या असतील, विचार. विचारायचं मला, आणि जोडल्या होत्या माझ्या नवऱ्यानं.

"अहो," मी म्हटलं, "वरची आणि खालची वायर उलटसुलट तर झाली नसेल ना?"

मग तो म्हणाला, "हे कोण विचारतंय, सर की तू?"

"सरांनी विचारायला सांगितलंय."

"आणि तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, एकदा बघून घ्यावं."

"ह्या पावसात खांब आडवा करून बघू? इथं माणूस उभा राहत नाही. तुम्हाला तिकडे टेबलावर बसून काय जातंय विचारायला."

"अरे, मी नुसतं विचारतेय. तू लगेच असा का बोलतोस?"

बोलून गेल्यावर माझं मलाच ऐकू आलं. आबांनी शेजारचं वर्तमानपत्र उचलून तोंडासमोर धरलं. ते कानडी होतं. लाइन बंद पडली, का त्यानं फोन ठेवला, कळलं नाही. अक्का आतून कॉफी घेऊन आल्या. त्यांना शब्द कळले नव्हते, पण बाकी सगळं कळलं असावं. त्यांनी कप माझ्या हातात दिला आणि थोडा वेळ माझ्या शेजारी बसून राहिल्या.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. आबा जिना उतरून दोनदा विचारून आले. संध्याकाळी म्हणाले, "तिकडं पावसात तारा तुटतात." मी हो म्हटलं. मग थोड्या वेळानं ते म्हणाले, "पण वर वारा जास्तच असणार, हे तुझं बरोबर आहे. झाडाचा शेंडा हलतो, बुंधा हलतो का कधी?"

त्याच्या पुढच्या रविवारी फोन आला. "बघितलं," नवरा म्हणाला. "वायरी बरोबर आहेत." गावातली दोन माणसं घेऊन, उघडीप मिळाली तेव्हा त्यानं खांब उतरवून सगळं तपासलं होतं. आवाज कोरडा होता.

ती चिप आली तेव्हा मी आधी तोच दिवस काढला. दोन्ही रकान्यांत दुपारचे काही तास शून्य होते. आधीच्या तासाला भरपूर वारा, नंतरच्या तासाला भरपूर वारा, मध्ये काही नाही. खांब आडवा होता तेवढा वेळ. एरवी अशी शून्यं आम्ही गाळून टाकायचो, हिशेब बिघडतो म्हणून. मी त्यांच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले. महिन्यापूर्वी त्या तासांत तो तिथं ओणवा होऊन वायरी बघत होता, ओल्या कातळावर, माझ्यावर रागावलेला. त्या दिवशी स्टॉपवर आबांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "दुपारी शून्य."

"शून्य? श्रावणात?"

मी कारण सांगितलं. तो कागद त्यांनी माझ्याकडून मागून घेतला आणि चष्मा लावून रस्त्यातच उभे राहून बघितला. मग म्हणाले, "म्हणजे ह्या वेळेला तो हितं होता," आणि शून्यांवर बोट ठेवलं.

वायरी बरोबर होत्या, तर मग आकडे तसे का? माझ्या मनात एक शंका होती. सड्याची पश्चिम बाजू म्हणजे सरळ तुटलेला कडा. पश्चिमेचा वारा त्या कड्यावर आदळून वर चढत असेल आणि माथ्याच्या धारेवर दाटीवाटीनं, जमिनीलगतच जोरात सुटत असेल. तसं असेल तर पूर्वेकडून, पठारावरून येणारा वारा नियमाप्रमाणे वागायला हवा. पण हे पडताळायचं कसं? पावसाळाभर वारा पश्चिमेचाच. दुसऱ्या दिशेचे आकडेच नव्हते. सर म्हणाले, "ऋतू बदलू दे." ऋतू बदलेपर्यंत थांबण्याशिवाय माझ्या हातात काही नव्हतं.

त्याच सुमाराला सरांनी मला विचारलं होतं, दोन महिने तिकडेच जाऊन काम करतेस का म्हणून. मी नाही म्हटलं. आबांची दर महिन्याला इथल्या डॉक्टरांकडे तपासणी असे, त्यांना एकटं कसं टाकायचं? गावचं घर आबा इकडे आल्यापासून बंद होतं, आणि नवऱ्यानं सड्याजवळ भाड्यानं घेतलेल्या खोलीत तिघांची सोय नव्हती. हे मी घरी बोलले नाही. नवऱ्यालाही नाही. बोलले असते तर आबा म्हणाले असते, जा. आणि मग मला खरंच जावंसं वाटलं असतं.

डिसेंबरात जी चिप आली तिच्यात वारा फिरलेला होता. मी सगळे आकडे दिशेप्रमाणे वेगळे केले. पश्चिमेच्या ढिगात खालचा वेग जास्त. पूर्वेच्या ढिगात वरचा जास्त, जसा असायला हवा तसा. वायरी उलट्या असत्या तर दोन्ही ढिगांत गडबड दिसली असती. म्हणजे सड्याला एक आकडा लावून भागणार नव्हतं. प्रत्येक दिशेला वेगळं सूत्र लागणार होतं. काम वाढलं होतं, पण मला इतकं हलकं वाटलं की मी ते ताव घेऊन गच्चीवर गेले आणि उगाच उभी राहिले. गच्चीवर वारा अजिबात नव्हता.

रविवारी फोन आला तेव्हा आबा अंगणात होते.

"वायरी बरोबर होत्या," मी म्हटलं.

"मी तेच म्हणत होतो."

"हो."

"मग?"

"मग काही नाही. बरोबर होत्या, एवढंच सांगायचं होतं."

"कधी येतेस?" त्यानं विचारलं.

मी बघते असं म्हणून फोन ठेवला. अक्का सोफ्यावर शेंगा सोलत बसल्या होत्या. मला समजेल इतक्या सावकाश, कानडीत त्या म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांना पाठव ना गावी. आमच्या ह्यांच्याकडे रोज गावाचं बोलतात. पण म्हणतात, मुलगी एकटी राहील, म्हणून जात नाही."

मी वर गेले. आबा मागून आले आणि पंख्याखाली बसले. मी विचारलं, "आबा, तुम्हाला गावी जायचंय?"

"कोण म्हणतं?"

"अक्का."

ते जरा ओशाळले. "जायचं काय... घर हाय, जाईन कधीतरी. तू एकटी कशी राहशील ह्या मुलखात?"

"आणि मी सप्टेंबरातच जाणार होते तिकडे. सरांनी विचारलं होतं. तुमच्या तपासणीसाठी थांबले."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग हसायला लागले, आवाज न करता, खांदे हलवत. डोळे पुसायला त्यांनी टॉवेल घेतला. "म्हणजे आपण दोघं एकमेकांना राखत बसलो," ते म्हणाले. "आणि ते पोरगं तिकडं एकटंच."

डॉक्टरांना विचारून जानेवारीत आम्ही निघालो. सकाळी साताऱ्याला उतरलो तेव्हा नवरा जीप घेऊन आला होता. त्याचा रंग रापला होता आणि तो जरा मोठ्यानं बोलायला लागला होता, वाऱ्यात बोलायची सवय झाल्यासारखा. आबांसमोर आम्ही एकमेकांकडे नीट बघितलंही नाही. सामान ठेवताना त्यानं माझं मनगट क्षणभर धरलं, तेवढंच.

जीप थेट सड्यापर्यंत जायची. तो खांब मी पहिल्यांदाच बघितला. माझ्या मनात तो फार उंच होता. प्रत्यक्षात एवढासा वाटला. वाट्या मंद फिरत होत्या. मी कड्याकडे जाऊन उभी राहिले. पावसाळाभर ज्याचा हिशेब केला तो दगडाला धरून सुटणारा वारा मला अंगावर घ्यायचा होता. पण तो तिथं नव्हता. जानेवारीचा पूर्वेचा वारा पाठीमागून येत होता, बेताचा, गवत हलवण्याइतका.

"जूनमध्ये ये," नवरा म्हणाला. "मग दाखवतो."

आबा थोडं अंतर ठेवून बसले होते. खाली गावाची कौलं दिसत होती, तिकडे त्यांचं लक्ष होतं. बंगळूरला त्यांना खुर्चीतून उठायला हाताचा आधार लागे. इथं ते कातळावर उकिडवे बसले आणि पुन्हा सहज उठले. मी आणि नवऱ्यानं एकमेकांकडे बघितलं. दोघांनाही कळलं की ते आता परत येणार नाहीत.

महिनाभर मी तिथं राहिले. आबांच्या घराची पुढची खोली झाडून घेतली, चूल-भांडी लावली, कऱ्हाडच्या डॉक्टरांची गाठ घालून दिली. मग मी एकटीच परतले.

मला वाटलं होतं, मन मोकळं झालं आहे, आता नुसतं काम करायचं. पण पहिल्याच संध्याकाळी राजाजीनगरला उतरले, तर स्टॉपवर सगळी अनोळखी माणसं. एकानं मला विचारलं, ते वयस्क गृहस्थ कुठं गेले? मी म्हटलं, गावी. "सरी," म्हणजे बरं, असं म्हणून तो बसकडे वळला. नवऱ्यासाठी झुरताना मला सोबत होती. आता ज्याची आठवण येत होती तोच माणूस सोबतीचा होता.

जूनमध्ये मी जाऊ शकले नाही. अहवालाचं काम होतं. पावसाळा संपता संपता नवरा परत आला आणि आमचा संसार पुन्हा सुरू झाला. सुरुवातीला त्याला इथं झोप लागेना. कानात आवाज नसल्यासारखं वाटतं, म्हणायचा. अहवालातल्या माझ्या दिशावार सूत्रांबद्दल सर बरं बोलले. पुढे त्या सड्यावर चक्क्या उभ्या राहिल्या, पण त्या दुसऱ्याच कुणी उभ्या केल्या, आणि तोवर आमचं काम वेगळं झालं होतं.

आबा गावीच राहिले. आम्ही वर्षातून दोनदा जात असू. त्यांना बंगळूरला चला म्हटलं की ते विषय बदलत. काही वर्षांनी ते झोपेतच गेले. दिवस-कार्य उरकून परत निघताना आम्ही स्टँडजवळच्या हॉटेलात चहाला बसलो. मालक आबांचा जुना स्नेही. आम्हाला ओळखून तो बाकावर समोर येऊन बसला.

"तुमचं बंगळूर आम्हाला सगळं पाठ आहे," तो म्हणाला. "रोज सांगायचे. तिथला पाऊस म्हणे संध्याकाळी येतो आणि तासाभरात निघून जातो, कुणाला कोंडून घालत नाही. रस्त्याला दोन्ही बाजूंनी झाडं. माणसं हळू बोलतात. हितं पाऊस लागला की म्हणायचे, आता बंगळूरला असायला हवं होतं."

आमच्याकडे असताना आबांनी बंगळूरला एकदाही चांगलं म्हटलं नव्हतं. नवऱ्यानं कप खाली ठेवला. "अजून काय सांगायचे?" त्यानं विचारलं.

मालक आठवून आठवून सांगू लागला. बाहेर आमची एस.टी. लागली होती. ती आम्ही जाऊ दिली.